ससाणीच्या शेपटीचे घुंगरू

मी एक जुने घुंगरू आहे, मित्रांनो. नाचणाऱ्या पायांतले नव्हे की बैलाच्या गळ्यातलेही नव्हे. कोरियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत लोक हिवाळ्यात हातावर ससाणी घेऊन रानकोंबड्यांच्या शिकारीला जात. त्या ससाणीच्या शेपटीला मी बांधलेले असे. आता माझे पितळ काळे पडले आहे. कुणी हलवले तर मी अजून वाजेन, पण हलवणार कोण? म्हणून आज बोलूनच सांगते.

मला एका बाजारगावच्या कासाराने घडवले. त्याच्या टोपलीत माझ्यासारखी पुष्कळ घुंगरे होती. एका शरदात म्योंग दोकसू नावाचा शिकारी दुकानात आला आणि दुपारभर एकेक घुंगरू कानाशी धरून हलवत बसला. शेवटी कासार वैतागला.

"अहो, घुंगरू घेताय की सून बघताय?"

"सून पसंत पडली नाही तरी घरातच राहते," दोकसू म्हणाला. "याचा आवाज चुकला तर पक्षी रानातून परत येत नाही."

मग त्याने मला उचलले. माझा आवाज काही फार गोड नव्हता. वर एक बारीक टिंग आणि तिच्या खाली हलकीशी घरघर, घसा बसलेल्या माणसासारखी. कासार मला वितळवून टाकणार होता. दोकसू म्हणाला, "हेच द्या. वारा टिंग गिळून टाकतो. घरघर गिळत नाही." आयुष्यात माझे पहिले कौतुक झाले ते असे, माझ्या दोषाचे.

शिंगाची एक चपटी पट्टी घासून तिच्यावर दोकसूने आपले आणि गावाचे नाव कोरले. पट्टी, मी आणि दुरून दिसावे म्हणून एक लांब पांढरे पीस, असे आम्ही तिघे ससाणीच्या शेपटीला एकत्र बांधले जात असू. ती कुठे बसली आहे हे मी सांगायचे आणि ती कुणाची आहे हे पट्टीने. त्या डोंगरांत रीत अशी होती की दुसऱ्याची ससाणी सापडली तर पट्टी वाचून ज्याची त्याला परत द्यायची. आणणाऱ्याला मालक एक रानकोंबडा देई आणि पोटभर दारू पाजी. हे कुठे लिहिलेले नव्हते. लिहायची कधी वेळच आली नव्हती.

दोकसू शरदात डोंगराच्या धारेवर जाळे लावून त्याच वर्षीची तरणी ससाणी धरी. मादीच धरायची, कारण नरापेक्षा ती मोठी आणि ताकदीची. मग ती माणसांना सरावावी म्हणून तो तिला घरातल्या उबदार खोलीत, सगळ्यांच्या मध्ये ठेवी. त्याची बायको ओकबुन रोज कुरकुरे.

"पोरांना सातूचा भात नि मुळ्याचं लोणचं, आणि हिला मात्र मांस! पुढल्या जन्मी मी चोच घेऊनच येते तुमच्या घरी."

"ये की," दोकसू म्हणे. "पण बोलायचं नाही मग. हिच्यासारखं गप्प बसायचं."

ओकबुन कुरकुरत असे आणि मांसाचे तुकडे धुऊन, त्यांतली चरबी काढून, तीच ससाणीपुढे धरत असे.

दोकसूचे खरे कसब त्याच्या अंगठ्यात होते. रोज सकाळी तो ससाणीच्या छातीच्या हाडावरून हलकेच अंगठा फिरवी. हाड लागलेच नाही तर ती जास्त खाल्लेली, सोडली की झाडावर जाऊन बसणार. हाड टोचले तर ती अशक्त, थंडीत मरणार. "या दोन्हींच्या मधे एक बोटभर जागा असते," तो सांगे, "सगळी विद्या तेवढ्यातच आहे." हे तो सांगत असे ब्योन गिल्जेला.

गिल्जे म्हणजे त्याचा सर्वांत चांगला हाकारा. काठीने झुडपे झोडपत, काट्यांतून धावत, ओरडत रानकोंबडा उठवायचा हे त्याचे काम. त्याच्याइतका चपळ माणूस डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या खोऱ्यांत नव्हता. दोकसू त्याला धाकट्या भावासारखे वागवी. त्याने त्याला अंगठा फिरवायला शिकवले, मांस धुवायला शिकवले, आणि ससाणीला हातावर बोलावायची आपली शीळही शिकवली. ती आधी लांब, मग दोनदा तुटक अशी होती.

शिकारीचा दिवस उजाडला की मला फार आनंद होई. खाली हाकारे, वर धारेवर ससाणी हातावर घेऊन दोकसू. झुडपातून गळ्यात पांढरे कडे असलेला रानकोंबडा फडफडून उठे आणि गिल्जे जिवाच्या आकांताने ओरडे, "उठला! उठला रे!" दोकसू हात पुढे करी. त्यानंतर वारा, उतार आणि मी, बस. पुढे बर्फात एक धडक बसे, आणि मग मी हळूहळू वाजत राही: इकडे या, इकडे आहोत आम्ही.

दोकसू धापा टाकत येई आणि आधी रानकोंबड्याची मान मोडी. "तडफडू देणं म्हणजे शिकार नव्हे," तो म्हणे. काळीज तिथल्या तिथे काढून ससाणीला देई. एका झुडपातून एकच पक्षी घेई, दुसरा उठला तरी हात मागे. बर्फ वितळायला लागला की माद्यांवर ससाणी सोडत नसे.

एकदा काय झाले, ससाणीने पाठलाग केलेली एक रानकोंबडी गावातल्या एका घराच्या लाकडाच्या ढिगात शिरली. गिल्जेने हात घालून ती बाहेर ओढली आणि उंच धरून हसायला लागला.

"सोड तिला," दोकसू म्हणाला.

"सोडू? दादा, हातात आलीय!"

"आसऱ्याला आली होती ती. तुझ्या हातात नाही आली."

"सकाळपासून काट्यांत आम्ही फाटतोय. आणि रश्शात काय, नुसता मुळा खायचा?"

"मुळा खा. पण सोड."

गिल्जेने ती सोडली. बाकीचे हाकारे दोकसूला काही म्हणाले नाहीत, ते गिल्जेला हसले. मी ससाणीच्या शेपटीवर होते, गिल्जेच्या अगदी जवळ. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

हिवाळा संपला की दोकसू ससाणीला पोट भरून खाऊ घाली, पायांतली चामड्याची वादी काढी, पट्टी आणि मला सोडवून घेई, आणि हात उघडी. ती मागे वळूनही बघत नसे. ओकबुन म्हणे, "गेली एकदाची ब्याद," आणि आत जाऊन डोळे पुसे. त्याने कुठल्याही ससाणीला नाव ठेवले नाही. कुणी विचारले तर म्हणे, "नाव ठेवलं की हात उघडत नाही." अशा कितीतरी ससाण्यांबरोबर मी उडाले. शरदात नवी शेपूट, वसंतात पुन्हा ओकबुनचा डबा. त्या डब्यात मला कधी एकटे वाटले नाही. पुन्हा थंडी येणार हे मला ठाऊक असे.

आता मी पुढचे सांगते. ते मला आवडत नाही.

गिल्जेचे लग्न पलीकडच्या खोऱ्यात झाले आणि तो सासुरवाडीलाच राहायला गेला. बायको माल्सुन कष्टाळू होती, पण तिच्या भावांची जीभ वाईट. "आमच्या दाजींचं बरं आहे," ते चारचौघांत म्हणत. "ससाणी दुसऱ्याची, कोंबडा दुसऱ्याचा, घसा तेवढा यांचा." गिल्जेने त्या शरदात स्वतः जाळे लावले. सगळा शरद तो धारेवर बसून राहिला, पण एकही ससाणी उतरली नाही. दोकसूच्या जाळ्यात मात्र त्याच वर्षी फिकट छातीची, रुंद खांद्यांची अशी एक आली की म्हातारे शिकारी तिला बघायला येत. उडताना ती मला वाजूच देत नसे, इतकी सरळ जाई.

भर हिवाळ्यात एका वाऱ्याच्या दिवशी ती रानकोंबड्यामागे धार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेली. शिकार केली, मनसोक्त खाल्ले आणि एका पाइन वृक्षावर जाऊन बसली. मी वाजत होते, पण दोकसू डोंगराच्या दुसऱ्या बाजूला होता. दुसऱ्या दिवशी, तिला पुन्हा भूक लागल्यावर, खालून शीळ आली. आधी लांब, मग दोनदा तुटक.

ती झेपावली. हातावर उतरली तेव्हा मी पाहिले, तो हात गिल्जेचा होता.

मित्रांनो, तेव्हाही मला वाटले की तो आता आम्हाला घरी नेऊन पोचवेल. त्याने पट्टीवरचे नाव वाचले. बराच वेळ तो ती अंगठ्याने चोळत उभा राहिला. मग चाकू काढून त्याने पट्टी कापली आणि घरी गेल्यावर चुलीत टाकली. शिंग जळल्याचा वास घरभर झाला. माल्सुनने विचारले, "काय जळतंय?" तो म्हणाला, "काही नाही." मला त्याने कापले नाही. चांगले घुंगरू सहज मिळत नाही, हे दोकसूनेच त्याला शिकवले होते.

रान धुंडाळून थकलेला दोकसू शेवटी त्याच्या अंगणात आला. गुडघ्यापर्यंत बर्फ लागलेला. गिल्जेच्या हातावर ससाणी होती, शेपटीला नवी पट्टी. भोवती त्याचे मेव्हणे आणि गावचे प्रमुख, पांग आजोबा.

"दादा! या या. एवढ्या बर्फातून?"

"गिल्जे, माझी ससाणी या अंगाला उतरली का रे?"

"नाही बुवा. दिसली असती तर मीच घेऊन आलो नसतो का?"

ससाणीने दोकसूला पाहिले आणि त्याच्याकडे झेप घेतली. पायातल्या वादीने तिला मागे ओढले. मी वाजले. वर टिंग, खाली घरघर. दोकसूचे डोळे माझ्यावर आले आणि तिथेच थांबले.

"हे घुंगरू माझं आहे," तो हळू म्हणाला.

"घुंगरू काय हो," एक मेव्हणा म्हणाला, "बाजारात टोपलीभर मिळतात."

"पट्टीवर नाव गिल्जेचं आहे," पांग आजोबा खाली बघत म्हणाले. "आपली रीत पट्टीची आहे, दोकसू. आवाजाची नाही."

"मला शीळ घालू द्या. ती येईल."

"उपाशी पक्षी कुणाच्याही शिळेवर येतो," गिल्जे म्हणाला. "तुम्हीच सांगितलंय की, दादा."

मी वाजत होते. जेवढे वाजता येईल तेवढे वाजत होते. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माझा आवाज ओळखू येत होता, पांग आजोबांनासुद्धा, कारण पाय चालत होते तोवर त्यांनी दोकसूबरोबर कितीतरी शिकारी केल्या होत्या. पण आपल्या गावचा जावई चोर आहे असे म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही.

दोकसू पुढे झाला. मला वाटले, हिसकावून घेईल. त्याने फक्त ससाणीच्या छातीवरून अंगठा फिरवला.

"हाड टोचतंय," तो म्हणाला. "मांस इतकं धुऊ नकोस, कस जातो त्याचा. आणि वसंतात सोड तिला."

"सोडीन की," गिल्जे म्हणाला.

दोकसू निघून गेला. त्या दिवशी मला त्याचा राग आला. अजूनही येतो.

त्यानंतर गिल्जेच्या नावाचा बोलबाला झाला. हातावर ससाणी घेऊन तो बाजारात फिरे, लोक वाट देत. शहरातल्या खाणावळीची मालकीण कू बाई त्याच्याकडून रानकोंबडे घेऊ लागली. "बंदुकीचा नको हं," ती बजावे. "छर्रा दाताखाली आला की गिऱ्हाईक माझ्या नावानं खडे फोडतं. ससाणीचाच पाहिजे." ती मागेल तितके एका ससाणीला कुठून जमणार? गिल्जे तिला दिवसातून पुन्हा पुन्हा सोडी, झुडपात जितके असतील तितक्यांवर सोडी. काळीज द्यायलाही थांबत नसे, कारण खाल्ले की ती पुढच्याला उडत नाही. वसंत आला, बर्फ वितळला, माद्या घरट्यांच्या जागा शोधू लागल्या. त्याने हात उघडला नाही.

पुढच्या थंडीत तिच्या पंखांची पिसे झडली होती. ती रानकोंबड्याच्या मागे निघे आणि मधेच जमिनीवर उतरे. तेव्हा गिल्जेने दुसरा मार्ग धरला. त्या काळी काही लोक सोयाबीनच्या दाण्यांत विष घालून ते शेतात टाकत. पाखरे खात आणि तिथेच लोळत. त्याला ना कसब लागे, ना पाय. गिल्जे पहाटे दाणे टाकी, मग मेलेले पक्षी गोळा करी, आतडी काढी आणि ससाणीने मारले म्हणून शहरात पाठवी.

पण कू बाई कच्ची नव्हती. "ब्योन, याच्या अंगावर नखांची खूण कुठाय?" तिने एकदा विचारले.

त्यानंतर तो मेलेले पक्षी ओळीने मांडी आणि ससाणीला धरून एकेकावर बसवी, तिचे पाय दाबी, नखे रुतवी. तिला वाटे शिकार झाली. ती मान उंचावून पंख पसरी, जशी खऱ्या शिकारीवर पसरत असे, आणि माझा टिंग टिंग आवाज अंगणभर होई. इतकी लाज मला कधी वाटली नाही. मेलेल्या, विष खाल्लेल्या पक्ष्यांवर मी विजयाचे वाजत होते.

एका सकाळी गिल्जेला शेजाऱ्याने हाक मारली. तो मान वळवून बोलत राहिला. ससाणी भुकेली होती, पायांखाली मांस होते. तिने एक लचका तोडला, मग दुसरा. गिल्जेचे लक्ष गेले तेव्हा तो ओरडला, तिची चोच फाकवून बोटे घातली. ती त्याच्या हातावरच कलंडली. मी एकदा वाजले आणि थांबले.

तो चुलीपुढे बसून रडला, हे मला सांगितले पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी त्याने दाणे टाकलेच.

ससाणीला माल्सुनने पुरले. मला तिने सोडवून घेतले आणि शेळीच्या गळ्यात बांधले. शेळी चाले तसे मी वाजे, संथ, निरर्थक.

बाजाराच्या दिवशी माल्सुन शेळी घेऊन गेली. मिठाच्या दुकानापाशी दोकसू आणि ओकबुन उभे होते. शेळीने मान हलवली. दोकसूने मिठाची पुरचुंडी खाली ठेवली. गर्दीतून तो सरळ आला, शेळीपुढे गुडघ्यांवर बसला आणि मला तळहातावर घेतले.

"कधी गेली?" त्याने विचारले.

माल्सुनने मान फिरवली. मग तिने सगळे सांगितले, दाण्यांचे, नखांचे, लचक्याचे. सांगताना ती कुणाला भीत नव्हती. "हे तर म्हणतात, म्हातारी झाली होती. मी पुरलंय तिला, भाऊजी. काही म्हातारी नव्हती." आणि दोरी कापून तिने मला त्याच्या हातात दिले.

दोकसू गिल्जेच्या घरी भांडायला गेला नाही. दुसऱ्या दिवशी तो आणि ओकबुन टोपली घेऊन त्याच्या उतारावरच्या शेतात गेले. बर्फ विरघळत होता, दाणे उघडे पडत होते. दोघे ओणवे होऊन ते वेचू लागले. मी दोकसूच्या बंडीच्या खिशात होते. थोड्या वेळाने गिल्जे आला.

"दादा, हे काय चालवलंय?"

"दाणे वेचतोय."

"माझ्या शेतात?"

"शेत तुझंच आहे."

"मग उभा काय राहतोस?" ओकबुन उसळली. "हातावर पक्षी नसला की कंबर वाकत नाही का तुझी?"

गिल्जे वाकला. तिघे वेचत राहिले. मग तो म्हणाला, "दादा, चुकलो मी. शरदात मला बरोबर घ्या. जाळं मी वाहीन, हाकारा घालीन, काहीही करीन."

दोकसूने कंबर सरळ केली. "नखं रुतवायचं मी तुला शिकवलं नव्हतं. पण शीळ मीच शिकवली. ती तुझ्या हातावर आली ती माझ्या शिळेला." त्याचा आवाज चढला नव्हता. "आता मी ती कुणालाच शिकवणार नाही."

आणि त्याने शिकवली नाही. शरद आला, त्याने जाळे लावले नाही. गावातली चांगली, मेहनती माणसे दारात येऊन विनवून गेली. ओकबुन त्याच्याशी भांडली. "एकानं पाप केलं म्हणून सगळ्यांना कशाला शिक्षा?"

"बाकीचे चांगले निघतीलही," तो म्हणाला. "पण एखादा गिल्जे निघालाच, तर त्याच्या हातावर जी बसेल तिला मी काय सांगू?"

  त्याचे चुकले असे मला वाटते, आणि तसे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दोकसू गेला. त्याचा अंगठा गेला, ती बोटभर जागा ओळखणारा. मागून मोटारींतून बंदुकवाले आले, जखमी पक्षी झुडपात टाकून जेवायला जाणारे. आता तेही येत नाहीत. त्या खोऱ्यात हल्ली शरदात कुणी ससाणी धरत नाही, म्हणून वसंतात कुणी सोडतही नाही. काही लोक याला दया म्हणतात. मित्रांनो, मी दया पाहिली आहे. ती दर वसंतात हात उघडायची आणि मग आत जाऊन डोळे पुसायची. हे काही तसे नाही. हे नुसते विसरणे आहे.

मला घासून पुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. पितळेला काही होत नाही. तुमच्याकडे एखादा कुत्रा असेल, मांजर असेल, पिंजऱ्यात पोपट असेल. तो तुमच्या हाकेला येतो ना? मग आज त्याच्या अंगावरून हात फिरवा आणि बोटांना हाड टोचते का बघा. टोचले, तर कुणाला काही सांगत बसू नका. आधी त्याला खायला घाला.